बाबांची दोन अंडी आणि माझी डॉक्टरकी

माझ्या वडिलांना मी अंड्यांपासून वाचवलं होतं. त्यातूनही ते वाचले, हे त्यांचं नशीब.

तेव्हा आम्ही मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एका बैठ्या चाळीत राहायचो. आई, बाबा आणि मी. बाबांची गिरणी संपात बंद पडली त्याला तीनेक वर्षं झाली होती आणि ते भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर म्हणून लागले होते. गिरणीबरोबर त्यांचे बरेचसे हट्टही गेले. एक मात्र टिकला. सकाळी दोन उकडलेली अंडी, वर मीठ-मिरपूड आणि सोबत अर्धी भाकरी. एवढं पोटात गेलं की बाबा दुपारी एक वाजेपर्यंत कोणाकडे काही मागत नसत आणि कोणाचं काही ऐकतही नसत.

अंडी यायची शेजारच्या कांबळेमावशींकडून. मावशी म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आया होत्या. चाळीच्या मागे त्यांनी चार गावठी कोंबड्या पाळल्या होत्या आणि कामावर जाताना त्या, देवाचे वार सोडून, दोन ताजी अंडी आमच्या खिडकीत ठेवून जायच्या. (त्यातली एक कोंबडी इतकी भांडखोर होती, की पोस्टमन आमची पत्रं लांबूनच फेकायचा. पण तिचा या गोष्टीशी काही संबंध नाही.)

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. माझं लग्न ठरलं आणि बाबांचा मोतीबिंदू पिकला. आधी कोणती झाली हे सांगणं कठीण आहे, कारण मला बघायला पाहुणे आले तेव्हा बाबांनी सगळे प्रश्न मुलाच्या मामालाच विचारले. "पगार किती? कायम आहात की टेंपरवारी?" मामा म्हणाले, "मी मागच्या वर्षी रिटायर झालो." बाबा जरा विचारात पडले. मग आईच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपल्या मालवणीत विचारलं, "खरो तो खंयचो?"

आईने हळूच बोट दाखवलं. बोटही त्यांना दिसलं नाही.

"कसो आसा गो?"

"बरो आसा."

"नक्की मां?"

"नक्की."

एवढ्या चौकशीवर माझं लग्न ठरलं. मुलगा मुलुंडच्याच बँकेत कारकून होता, नाव सुधीर, आणि खरोखरच बरा होता. पण पाहुणे गेल्यावर बाबा माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "शोभा, ज्येका पोरगी देतंय त्येचा तोंड माका एकदा धड बघूचा आसा. लग्नाआधी डोळो करून घेतंय."

बाबांनी आयुष्यात स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं. हे मागितलं, तेव्हा मी मनात म्हटलं, हे आपण करून दाखवायचंच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. लग्न मेअखेरीला होतं. ऑपरेशन, मग पट्टी, मग टाके, मग कुठे चष्म्याचा नंबर, असा तेव्हा सगळा दोन महिन्यांचा कारभार असायचा. त्यांनी फेब्रुवारीच्या मध्याची तारीख दिली, आणि लगेच रक्ताचा कागद बघून ती अर्धी परतही घेतली. "साखर आहे यांना. ती खाली आणा, मग मी डोळ्याला हात लावतो."

आम्ही आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मान वर न करता गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "गोड बंद. भात-बटाटा कमी. बाकी चालू द्या."

बाकी चालू द्या! वडिलांच्या डोळ्यांचा प्रश्न, पोरीच्या लग्नाचा प्रश्न, आणि डॉक्टर म्हणतात बाकी चालू द्या. मला हे अजिबात पटलं नाही. डॉक्टरांना पुरेसं गांभीर्य नाही, असं माझं बाहेर पडता पडताच मत झालं.

इथे माझी योग्यता सांगायला हवी. मी एका औषधांच्या कंपनीत टायपिस्ट होते. दिवसभर औषधांच्या माहितीची परिपत्रकं टाइप करायचे. 'कोलेस्टेरॉल' हा शब्द मी डोळे मिटून टाइप करू शकायचे, आणि ज्या शब्दाचं स्पेलिंग आपल्याला येतं त्या विषयावर आपला अधिकार असतो, असा माझा पक्का समज होता. त्या परिपत्रकांत अंड्याच्या बलकाबद्दल फार वाईट लिहिलेलं असायचं. ते हृदयाबद्दल होतं, साखरेबद्दल नव्हतं. पण रोग तो रोग. सगळे आतून एकमेकांना ओळखत असणारच.

"बाबा, उद्यापासून अंडी बंद," मी जाहीर केलं.

"डॉक्टर म्हणालो, बाकी चालू ठेवा."

"डॉक्टरांना वेळ नसतो. मी वाचलंय."

"माझी दोन अंडी तुझ्या डोळ्यांत खुपतत?"

"तुमच्या डोळ्यांसाठीच चाललंय सगळं!"

बाबा ऐकेनात. मग त्यांनी वारांचा हिशेब मांडला. आमच्या घरात सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. या तीन दिवशी अंडं, मासा, मटण काही नाही. "तीन दिवस देवांचे," बाबा म्हणाले, "मंगळवार, बुधवार, शुक्रवार, आयतवार माझे. त्येत कोणी हात घालूचो नाय."

मी मनात म्हटलं, माणूस विज्ञानाला घाबरत नाही, पण देवाला घाबरतो. मी आईला गाठलं. आईला म्हटलं, ऑपरेशन नीट पार पडावं म्हणून एक नवस बोल ना. आई नवसाला कधी नाही म्हणत नाही. मी तिला उरलेले वार वाटून दिले. मंगळवार गणपतीचा, बुधवार पांडुरंगाचा, शुक्रवार देवीचा. रविवारी जरा अडले, मग खंडोबा आठवला. सात वार, सात देव. बाबांना आठवड्यात अंडं फोडायला जागाच शिल्लक ठेवली नाही.

त्या दिवशी मला माझ्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं, की ऑफिसात दोन पत्रांत मी चुकून सहीच्या जागी स्वतःचंच नाव टाइप केलं.

बाबांनी हे ऐकलं आणि ते मटकन खाली बसले. "एकाही देवाक माझी अंडी नको?"

"नवस बोललंय मी," आई म्हणाली. विषय संपला.

पण आई ही करायचं तर नीट करायचं या जातीची बाई. नुसता मांसाहार बंद, एवढ्यावर तिचं समाधान होईना. नवस आहे तर उपासच हवा, आणि उपास म्हणजे उपासाचेच पदार्थ. दुसऱ्या दिवसापासून बाबांसमोर सकाळी दोन अंड्यांच्या जागी साबुदाण्याची खिचडी आली. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. चार वाजता रताळ्याचा कीस. संध्याकाळी उपासाची बटाट्याची भाजी. मधल्या वेळेत भूक लागली तर केळं, आणि फारच लागली तर राजगिऱ्याचा लाडू.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं होतं ना? आम्ही गोड बंदच केलं होतं. चहात साखर नाही, जिलेबी नाही, श्रीखंड नाही. लाडवात गूळ होता, पण गूळ म्हणजे साखर नव्हे, गूळ म्हणजे लोह. हे मी टाइप केलं होतं. भात बंद होता, कारण वरी हा भात नव्हे. बटाटा होता, पण उपासाचा होता. आणि उपासाने कोणाला अपाय झालाय, असं तुम्ही कधी ऐकलंय का? मीही ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. पूर्वी दोन अंड्यांवर दुपारी एकपर्यंत काढणारा माणूस आता सकाळी दहाला कारखान्यातून निरोप पाठवायचा, की डब्यात अजून दोन लाडू टाका. मी म्हटलं, चांगलं आहे, भूक वाढली. भूक म्हणजे तब्येत.

उपचार चालू झाले, आता तपासणी हवी. आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या एका भल्या माणसाने मला एक परीक्षानळी आणि निळ्या औषधाची बाटली दिली. नळीत थोडं निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. असेल तर हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि फारच असेल तर विटकरी. त्या काळी घरोघरी असंच बघायचे.

पहिल्या दिवशी मी नळी घेऊन गॅसकडे निघाले, तशी आई आडवी आली. "ज्या गॅसार देवाचा दूध तापता, त्येच्यार ह्या उकळतलंस?"

म्हणून मागच्या पडवीत जुना वातीचा स्टोव्ह मांडला. रोज सकाळी बाबा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत नमुना आणून द्यायचे आणि शेजारी उकिडवे बसायचे. त्यांना रंग दिसत नसे, म्हणून आई सांगायची. नेमकी तेव्हा आमची लग्नाच्या बस्त्याची खरेदी चालली होती, त्यामुळे तिच्या डोक्यात सगळे रंग साड्यांचे होते.

"काय झाला?" बाबा विचारायचे.

"पोपटी," आई म्हणायची.

हे पहिल्या दिवशी. आठ दिवसांनी हळदी झाला. त्यानंतर नारिंगी, छान जरीकाठाच्या अंगाने जाणारा. आणि एका सकाळी नळी खालून वरपर्यंत विटकरी झाली.

मला अत्यानंद झाला.

हसू नका. माझा विचार अगदी सरळ होता. बाबांच्या अंगात साखर आहे. ती बाहेर काढायची आहे. नळीत जी साखर दिसते ती बाहेर पडलेली साखर. म्हणजे रंग जितका लाल, तितकी साखर जास्त निघाली. बाहेर आलेली साखर आत असू शकत नाही, हे पहिलीतलं पोर सांगेल! पिंपातलं पाणी उपसत राहिलं की एक दिवस पिंप रिकामं होणार, आणि त्या दिवशी नळी आपोआप निळी राहणार. मी हे बाबांना समजावलं. बाबांनाही पटलं. गिरणीत त्यांनी बॉयलर साफ करताना पाहिले होते.

"निघतासा," ते समाधानाने म्हणाले.

आईने त्या दिवशी आनंदाने रताळ्याचा शिरा केला. उपासाचाच.

बाकीची लक्षणंही माझ्याच बाजूची होती. बाबांना सारखी तहान लागायला लागली. अंग आतून धुतलं जातंय. दिवसातून दहा-बारा वेळा ते पाण्याचा डबा घेऊन चाळीच्या संडासाकडे जायला लागले. साखर बाहेर पडायला वाट नको? विजार कमरेतून सुटायला लागली. चरबी उतरतेय. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागायची. विश्रांती हवीच. कुठलंही लक्षण सांगा, माझ्याकडे उत्तर तयार होतं.

एका सकाळी मी अशीच पडवीत बसून लाल नळी उन्हात धरून बघत होते, तेवढ्यात कांबळेमावशी कोंबड्यांना दाणे टाकायला आल्या. त्यांनी नळी बघितली आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"कुणाची गं ही?"

"बाबांची. बघा ना मावशी, काय मस्त रंग आलाय."

"अगं बया, लाल म्हंजे वाईट असतंय. वीस वर्षं वॉर्डात काढली मी. असली नळी दिसली की सिस्टर धावत डॉक्टरला बोलवायची."

"मावशी, ते तिथे वेगळं. आमच्याकडे ती बाहेर निघतेय."

"कशामुळं निघतीय ते तरी बघ. काय खातायत दादा?"

"सात्त्विक. अंडी बंद केलीत ना."

 आणि मला, सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी वाटलं, की यांची दोन अंडी खपत नाहीत म्हणून या असं बोलतायत. मी त्यांना म्हटलंही, "मावशी, वॉर्ड वेगळा आणि विज्ञान वेगळं." त्यांनी सूप उचललं आणि त्या कोंबड्यांकडे वळल्या. कोंबड्यांना अक्कल जास्त होती, हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना शेवटचं दाखवायचं होतं. मी सगळ्या महिन्याचा तक्ता टाइप केला होता. तारीख, वार, देव, रंग. कार्बन घालून तीन प्रती. एक या डॉक्टरांना, एक डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि एक आपल्याकडे, कारण पुढेमागे कोणी माझ्या पद्धतीबद्दल विचारलं तर दाखवायला हवी.

डॉक्टरांनी तक्ता घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर केली.

"हे काय आहे?"

"रोजचा रंग."

"हा लाल कधीपासून येतोय?"

"सतरा दिवस झाले," मी म्हटलं. "एकही दिवस खंड नाही."

"आणि लाल आल्यावर तुम्ही काय केलंत?"

"पहिल्या दिवशी शिरा केला."

डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. बाबा दवाखान्यातल्या माठातलं तिसरं भांडं पाणी पीत होते. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाता?" बाबांनी सांगितलं. "दुपारी?" सांगितलं. "संध्याकाळी?" सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आधी काय खायचात?"

"दोन अंडी नि अर्धी भाकरी," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका हळवा झाला, की कोणी गेलेल्या नातेवाइकाबद्दल बोलतंय असं वाटावं.

"मग बंद का केलीत?"

"कोलेस्टेरॉल," मी म्हटलं.

"बाई, अंड्यात साखर किती असते?"

मी इतकी परिपत्रकं टाइप केली होती, पण हे कुठेच आलं नव्हतं. 

"नसल्यातच जमा," डॉक्टर म्हणाले. "दोन अंडी खाल्ली की माणूस दुपारपर्यंत दुसरं काही मागत नाही, म्हणून मी म्हटलं होतं, बाकी चालू द्या. तुम्ही नेमकं तेवढंच बंद केलंत आणि जे कमी करायला सांगितलं ते दिवसातून पाच वेळा दिलंत. साबुदाणा, वरी, रताळं, बटाटा, केळं. पोटात गेल्यावर सगळ्यांची साखरच होते. उपासाची आहे की बिनउपासाची, हे शरीर विचारत नाही."

"पण ती बाहेर पडत होती," मी शेवटचा प्रयत्न केला. "पिंप रिकामं होत होतं."

"पिंप रिकामं होत नव्हतं. भरून वाहत होतं. तुम्ही वाहतं पिंप बघून टाळ्या वाजवत होतात."

"आणि कोलेस्टेरॉलचं काय?"

"त्यावरून मोठमोठ्या डॉक्टरांची अजून भांडणं चालू आहेत, ती मिटली की तुम्हाला कळवतो. साबुदाण्यावरून कोणाचंही भांडण नाही."

रक्त तपासलं. साखरेचा आकडा ऐकून डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख सरळ खोडली. साखर खाली आल्याशिवाय तोंड दाखवू नका, असं त्यांनी सांगितलं. बाबा शेजारीच बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं.

घरी येताना बाबांनी माझा दंड धरला होता, कारण रस्त्यातले खड्डे त्यांना दिसत नव्हते. ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चाळीजवळ आल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मेपर्यंत जमात मां गो?"

"जमेल," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्याच बोलण्याची खात्री वाटत नव्हती. मला भर रस्त्यात रडू आलं. बाबांना ते दिसलं नाही, आणि तेवढ्यापुरते मी त्यांच्या मोतीबिंदूचे आभार मानले.

घरी पोचल्या पोचल्या मी कांबळेमावशींच्या दारात गेले.

"मावशी, अंडी हवीत."

"विज्ञान काय म्हणतंय?"

"हवीत म्हणतंय."

मावशींनी मला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की अंडी नाहीत. गिऱ्हाईक तुटलं म्हणून त्यांनी सगळी अंडी कोंबड्यांखाली ठेवली होती आणि तीन कोंबड्या खुडूक होऊन ती उबवत बसल्या होत्या. चौथी तेवढी अंडी घालत होती, ती भांडखोर. तिचं अंडं उचलायला रोज मी जायचं, अशी मावशींची अट होती. तिने माझ्या हाताला चोची मारून मारून जी नक्षी काढली, ती लग्नात मेंदीखाली झाकावी लागली. दुसरं अंडं मी स्टेशनजवळून आणायचे.

नळीही मावशींनी माझ्याकडून काढून घेतली. "हितून पुढं रंग मी बघणार," त्या म्हणाल्या. मी निमूटपणे दिली.

आता राहिला नवस. सातही वार देवांना देऊन झाले होते आणि बाबांना अंडी तर खायलाच हवी होती. आई दोन दिवस देवघरासमोर बसून विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तिला मार्ग सापडला.

"नवस मोडूचो नाय," ती म्हणाली. "पण बदली चलता. ज्येनी वार वाटले, त्येनीच पाळूचे."

अशा रीतीने मी लग्नाला उभी राहीपर्यंत आठवड्याचे सातही दिवस उपास केले. सकाळी बाबा माझ्यासमोर बसून अंड्यावर मिरपूड भुरभुरायचे आणि मी खिचडी गिळायचे. मेपर्यंत माझं वजन इतकं वाढलं, की लग्नाच्या तिन्ही ब्लाउजांच्या शिवणी उसवून द्याव्या लागल्या, आणि शिंप्याने आईला बाजूला घेऊन विचारलं, की माप नक्की याच मुलीचं दिलं होतं ना.

बाबांचं मात्र सुरळीत चाललं. दोन अंडी, अर्धी भाकरी, गोळी, संध्याकाळी डोंगरापर्यंत चालणं. नारिंगीचा हळदी झाला, हळदीचा पोपटी, आणि एका सकाळी मावशी स्वतः नळी घेऊन आमच्या दारात आल्या. नळी निळीशार होती.  आईने मावशींचे दोन्ही हात धरले. मी शिरा करू का, असं विचारणार होते, पण वेळेवर गप्प बसले.

मार्चअखेरीला ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, टाके निघाले, आणि जाड भिंगांचा चष्मा लग्नाच्या बरोबर चार दिवस आधी आला. तो लावून बाबा घरभर फिरले. भिंतीची पोपडी, आईचे पांढरे केस, माझी शिवण उसवलेली ब्लाउजं, सगळं त्यांनी नीट बघून घेतलं आणि कशाबद्दलही तक्रार केली नाही.

लग्नात अंतरपाट दूर झाला. अक्षता पडल्या. आणि बाबा सरळ सुधीरसमोर जाऊन उभे राहिले. एक हात अंतरावरून, त्या जाड भिंगांतून, ते त्याच्याकडे बघत राहिले. बँड थांबला, फोटोग्राफर थांबला. सुधीरला घाम फुटला. त्याला वाटलं, काहीतरी राहिलं. मग बाबांनी हळूच मान हलवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या वेळी मी रडले, ती लग्न झालं म्हणून रडले असं सगळ्यांना वाटलं. तसं नव्हतं. बाबांना दिसलं, म्हणून रडले.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी बाबा सुधीरला घेऊन बाजूला गेले. आता हे काय सांगणार, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माझ्या पोरीला सांभाळा, एकुलती एक आहे, चुकली तर पदरात घ्या. आईने आधीच डोळ्यांना पदर लावला. मीही कान देऊन ऐकत होते. बाबांनी सुधीरचा हात हातात घेतला, घसा साफ केला, आणि अगदी मनापासून म्हणाले,

"जावयबापू, पोरगी चांगली आसा. नोकरी करता, जेवण करता, घर सांभाळतली. फक्त एक करा. घरात कोणाक बरा नसला, तर हिका सांगू नकात. डॉक्टराक सांगा."

सुधीरने तो शब्द आजपर्यंत पाळलाय. चाळीस वर्षं होत आली. त्याला साधी शिंक आली, तरी तो आधी खोलीचं दार लावून घेतो.